पर्यावरण अर्थशास्त्र घ्यायचं, पण फॉर्मवर काय लिहायचं? सोलापुरातलं एक प्रकरण

या प्रकरणातली विद्यार्थिनी कल्पित आहे. पण तिच्यासारख्या मुली दर जूनमध्ये सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रवेश खिडकीसमोर दिसतात. तिच्याभोवतीचे नियम, परीक्षा आणि धरणाचे आकडे खरे आहेत. घरखर्चाचे आकडे हिशेबापुरते धरले आहेत.

परिस्थिती

घर पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या बाजूला. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. बारावी विज्ञान, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलेलं, ६८ टक्के. सीईटीचा स्कोअर बेताचा. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे कामगार आहेत आणि शिक्षणावर वर्षाला दीड लाखाच्या वर जाता येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय. नातेवाइकांचा कल इंजिनिअरिंगकडे, नाहीतर सरळ बी.एस्सी. करून बी.एड.कडे.

मुलीच्या डोक्यात मात्र वेगळंच. डाईंग हाऊसच्या मागच्या नाल्याचं पाणी कधी निळं, कधी तांबडं दिसतं. ते स्वच्छ करायला पैसे लागतात हे तिला कळतं. मग ते पैसे टॉवेलच्या किमतीत का दिसत नाहीत, असा तिचा प्रश्न आहे. इंटरनेटवर शोधताना तिला ‘पर्यावरण अर्थशास्त्र’ हा शब्द सापडला आणि आता तिला याच विषयात पदवी हवी आहे.

प्रश्न अगदी मुळातला आहे. इंग्लंडमधल्या आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये तो नीट मांडला: उत्पादकाचा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत जे अंतर राहतं, ते करातून भरून काढावं. रोनाल्ड कोसने १९६० मध्ये त्याला उलट बाजूने हात घातला. नाल्यावर हक्क कोणाचा हे आधी ठरवा, म्हणाला, आणि वाटाघाटीचा खर्च नगण्य असेल तर दोन्ही पक्ष आपसातच तोडगा काढतील. पूर्व भागातले कारखाने किती आणि नाल्याकाठची घरं किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या ‘नगण्य असेल तर’मध्येच सगळं दुखणं आहे हे लगेच दिसेल.

आधी एक गैरसमज

पदवीला सगळ्यांनाच पर्यावरणाचा एक सक्तीचा विषय असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेला हा पेपर बहुतेक मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडवरून उरकतात. पर्यावरण अर्थशास्त्र म्हणजे तो पेपर नव्हे. पर्यावरणशास्त्र म्हणजेही ते नव्हे. पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी नाल्याच्या पाण्याचा बीओडी, सीओडी (पाणी किती घाण आहे ते सांगणारे आकडे) मोजते. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी तो आकडा हातात घेऊन विचारते की तो निम्म्यावर आणायला कोणाला किती खर्च येईल, कोणाचा किती फायदा होईल, आणि नियम, कर किंवा परवाने यांपैकी कशाने ते सगळ्यात स्वस्तात होईल. झाडांवर प्रेम आहे म्हणून हा विषय घेणाऱ्यांची दुसऱ्या सत्रातच निराशा होते, कारण इथे झाडाचीही किंमत काढावी लागते आणि ती कधीकधी घरी सांगायला लाज वाटेल इतकी कमी निघते.

चाचणीचं उदाहरण: उजनीचं एक टीएमसी

विषय झेपेल का, आवडेल का, हे बघायला एक उदाहरण पुरतं. सोलापूरकराच्या तोंडी उजनीचा टक्का रोजच असतो, तेव्हा तेच घेऊ.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. धरण ‘उणे’त गेलं असं आपण म्हणतो ते मृतसाठ्याला हात लागल्यावर. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीची क्षमता दिवसाला १७ कोटी लिटर. आता भागाकार करा: २,८३२ भागिले १७, उत्तर जवळपास १६७ दिवस. एका टीएमसीत ही जलवाहिनी साडेपाच महिने चालेल. वर्षाला लागतील २.२ टीएमसी.

नदीतून पाणी सोडून शहराला पाणी देणारा भीमेवरचा औज बंधारा भरायचा म्हटलं तर एकेका आवर्तनाला याहून कितीतरी जास्त पाणी धरणातून सुटतं. वाटेत काही उन्हाने जातं, काही वाळूत मुरतं, काही काठावरचे पंप उचलतात.

बहुतेक मुलं इथे थांबतात आणि म्हणतात, जलवाहिनीच बरी, पाणी वाया जात नाही. इंजिनिअरही तेच म्हणेल. अर्थशास्त्राचा पेपर मात्र इथे सुरू होतो. ‘वाया’ गेलेलं पाणी कोणाला मिळालं? माढा, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या भीमाकाठच्या विहिरींना आणि उसाला. नदीतलं आवर्तन बंद झालं तर शहराचा फायदा होईल तितका या लोकांचा तोटा होईल का, कमी होईल की जास्त? बाष्पीभवन हा खरा तोटा आहे, कारण ते पाणी कोणाच्याच कामी आलं नाही. मुरलेलं पाणी हा तोटा नाही, ते हस्तांतर आहे. शिवाय आषाढीला चंद्रभागेत पाणी असावं, याची किंमत कशी लावायची? तिथे बाजारभाव नाही, पण किंमत शून्य आहे असं म्हणायची हिंमत कोण करेल?

हे वाचून मुलीने कागद पुढे ओढून स्वतःहून आणखी दोन प्रश्न लिहिले, तर विषय तिचा आहे. ‘मग बरोबर उत्तर कोणतं?’ एवढंच विचारून ती थांबली, तर अजून एकदा विचार करावा.

पर्याय आणि त्यांचे कोपरे

‘पर्यावरण अर्थशास्त्र’ या नावाची स्वतंत्र पदवी बारावीनंतर भारतात क्वचितच मिळते. तो बहुधा पदव्युत्तर पातळीवरचा विषय आहे. पदवीला तो अर्थशास्त्रातला एखादा पेपर म्हणून भेटतो. म्हणून या मुलीसमोरचा खरा प्रश्न असा आहे की पदव्युत्तरच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने जायचं.

पहिली वाट पर्यावरणशास्त्राची बी.एस्सी. प्रयोगशाळा, नमुने, तपासण्या आवडत असतील तर उत्तम, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तांत्रिक पदांना विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवीच लागते हेही खरं. पण या वाटेने अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या प्रवेश परीक्षेला पोहोचणाऱ्या मुलांना सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र कोऱ्या पाटीवर शिकावं लागतं.

दुसरी वाट पुण्यात किंवा बाहेर अर्थशास्त्राची बी.एस्सी. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासूनची संस्था, तिथे पदवीही आहे. दर्जा चांगला मिळतो. पण पुण्यात राहण्याजेवण्याला महिना दहा-बारा हजार धरले तरी दीड लाखातले सव्वा लाख ते जवळपास दीड लाख फीच्या आधीच संपले. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्रासाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित लागतं. गणित हिच्याकडे आहे, पण दिल्लीचा खर्च वडिलांच्या मर्यादेत बसत नाही.

तिसरी वाट खासगी विद्यापीठांच्या ‘सस्टेनेबिलिटी’ वगैरे नावांच्या चकचकीत पदव्यांची. माहितीपत्रकावर पवनचक्की आणि हिरवं पान. अभ्यासक्रमाची पानं उघडून बघा: कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स) यांचे पेपर किती? दोनही नसतील तर पुढची पानं उलटायची गरज नाही.

चौथी वाट सोलापुरात घरी राहून अर्थशास्त्रात बी.ए. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ पासून याच एका जिल्ह्यासाठी आहे आणि शहरात जुनी कॉलेजं आहेत. खर्च कमी, पैसे पदव्युत्तरसाठी शिल्लक. उणीव उघड आहे: मराठी माध्यमाच्या बी.ए.त सिद्धान्त पाठ करून लिहिता येतो आणि आकृती काढली की गुण मिळतात. समीकरण सोडवायची वेळ फारशी येत नाही.

आमचा कौल चौथ्या वाटेला, पण ‘बी.ए. घेतलं आणि झालं’ अशा अर्थाने नाही. ही वाट तेव्हाच खरी ठरते जेव्हा गणित बाहेरून, स्वतःच्या हट्टाने चालू राहतं.

गणितावर इतका जोर का

एक छोटा हिशेब. तलावातला गाळ काढायच्या योजनेला आज ३० लाख खर्च आहे आणि २० वर्षांनी तिच्यातून १ कोटीचा फायदा मिळणार आहे, असं समजू. वटाव दर (पुढचा पैसा आजच्या किमतीत आणताना वर्षाला कापायचा दर) ४ टक्के धरला तर त्या एक कोटीचं आजचं मूल्य ४५.६ लाख. योजना पास. दर १० टक्के धरला तर १४.९ लाख. योजना नापास. तलाव तोच, गाळ तोच, फक्त एक आकडा बदलला. हवामान बदलावरचा अर्थशास्त्रज्ञांचा निम्मा वाद याच आकड्यावर चाललाय. १.०४ चा विसावा घात म्हणजे काय हे ज्याला उमगत नाही, त्याला त्या वादात फक्त बाजू घेता येते.

पदव्युत्तरच्या आधी हाताशी असायला हवं ते असं: विकलन, आंशिक विकलन, बंधनाखालचं इष्टतमीकरण म्हणजे लाग्रांजची पद्धत, थोडं संकलन, मॅट्रिक्स, आणि संख्याशास्त्रात संभाव्यता, गृहीतक-चाचणी, समाश्रयण (रिग्रेशन). बारावी विज्ञानात गणित केल्यामुळे या मुलीकडे यातलं बरंच आहे. ते तीन वर्षं न वापरता गंजू देणं ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी जोखीम. कला शाखेतून आलेल्या, गणित नसलेल्या मुलांसाठी एक सोय आहे: राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचा गणित हा एकच विषय स्वतंत्रपणे देता येतो.

फॉर्मवरचा ‘मायनर’चा रकाना

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांची पदवी आणि हवं तर चौथं वर्ष. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र. मायनर, म्हणजे जोडविषय, कागदावर कुठलाही घेता येतो. प्रत्यक्षात अडतं ते वेळापत्रकात. कला शाखेचे तास आणि विज्ञान शाखेचे तास एकाच वेळी पडले की संख्याशास्त्र मायनर घेतलेल्या मुलीला शेवटी ‘जे बसतंय ते’ दिलं जातं. म्हणून प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर नाही, त्याच्या आठवडाभर आधी विभागप्रमुखांना भेटून तीन प्रश्न विचारायचे: संख्याशास्त्र किंवा गणित मायनर म्हणून गेल्या वर्षी कोणी घेतलं का? त्यांचे तास खरोखर झाले का? स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचे क्रेडिट कॉलेज मार्कशीटवर घेतं का?

तिसरा प्रश्न कळीचा आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करता येतात, पण त्यासाठी कॉलेजची आधी मान्यता लागते. मुलं आधी कोर्स करतात, तिथल्या एनपीटीईएल या आयआयटींच्या कोर्सच्या परीक्षेचे हजार रुपये भरतात आणि मग अर्ज घेऊन जातात. तोवर उशीर झालेला असतो. प्रमाणपत्र हातात, क्रेडिट शून्य.

संख्याशास्त्र खरंच बसत नसेल तर भूगोल घ्यावा, आणि त्यातही जीआयएस (संगणकावरचे नकाशे) शिकवणारा असेल तर बिनधास्त. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि संख्याशास्त्रासाठी आर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतात. मुक्त वैकल्पिक विषय दुसऱ्या शाखेतून घ्यायचा असतो. तिथे गणित शिरवायची संधी असते. बहुतेक मुलं तिथे सोपा पेपर घेतात.

प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे क्रेडिट असतात, त्यासाठी पतसंस्थेत बसून पासबुकं भरण्यात तास घालवू नयेत. ज्या टॉवेल कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा आहे तिथे वडिलांच्या ओळखीने जावं आणि एकच तक्ता करावा: रोज किती घनमीटर पाणी प्रक्रियेला गेलं, रसायनं, वीज, गाळाची विल्हेवाट आणि माणसांचा पगार मिळून किती खर्च आला, दर घनमीटरला किती पडले. तीन महिन्यांचा तक्ता झाला की दिसेल, सरासरी खर्च एक सांगतो आणि सीमान्त खर्च, म्हणजे आणखी थोडी घाण काढायचा जादा खर्च, दुसरंच. पहिला मोठा भार स्वस्तात उतरतो. शेवटचा रंग काढायला खिसा रिकामा होतो. कारखान्यागणिक हा सीमान्त खर्च वेगळा असतो, आणि परवान्यांच्या बाजाराची कल्पना त्यातूनच निघते: ज्याला प्रदूषण कमी करणं स्वस्त, तो आपला प्रदूषणाचा परवाना दुसऱ्याला विकतो. सुरतेत २०१९ पासून कापड धंद्यातल्या कारखान्यांमध्ये धुरातल्या कणांच्या परवान्यांची खरेदी-विक्री याच तत्त्वावर करून बघितली गेली.

पाचव्या सत्राचा प्रकल्प: पाण्याची खरी किंमत

हा भाग सविस्तर, कारण इथे चुका ठरलेल्या होतात.

विषय असा: काही दिवसांआड नळाला पाणी येतं, तेव्हा कुटुंबाला ते किती महाग पडतं? पाणीपट्टी सोडून. पहिली ओढ असते ती सरळ विचारायची: ‘रोज पाणी आलं तर महिन्याला किती जादा द्याल?’ हा प्रश्न सोलापुरात हमखास फसतो. निम्मे लोक म्हणतात ‘एक रुपया नाही’, आणि त्याचा अर्थ पाणी नको असा नसून महापालिकेवर राग आहे असा असतो. हे निषेधाचे शून्य वेगळे काढले नाहीत तर सरासरी कोसळते. दुसरी गोची म्हणजे आपण आधी आकडा उच्चारला, ‘शंभर रुपये द्याल का?’, की पुढची सगळी उत्तरं शंभराभोवती घुटमळतात. म्हणून वेगवेगळ्या घरांना वेगवेगळा आकडा, तोही चिठ्ठ्या टाकून ठरवलेला.

त्यापेक्षा या प्रकल्पाला बचावाच्या खर्चाची पद्धत बरी. लोक बोलतात काय ते सोडा, करतात काय ते मोजा. टाकी केवढी, कधी घेतली, किती वर्षं टिकेल, मोटरचं बिल, पिण्याच्या पाण्याचे जार महिन्याला किती, टँकर किती वेळा, आणि पाणी आलं की घरातलं कोण किती वेळ थांबतं. समजा १,००० लिटरची टाकी ६,००० रुपयांना घेतली आणि ती १० वर्षं टिकते, तर महिन्याला ५० रुपये. महिन्याला १५ जार ३० रुपयांनी, ४५० रुपये. वेळेची किंमत त्या बाईच्या मजुरीच्या दराने, आणि ती विडी वळत असेल तर मजुरी नगावर असते, तासावर नाही. तो दर तासात बदलताना हात आखडला तर बायकांचा वेळ हिशेबातून गायब होतो. जवळपास प्रत्येक विद्यार्थी-प्रकल्पात हे होतं.

नमुना १०० घरांचा पुरे, पण जुळे सोलापूर, विजापूर रोड, पूर्व भाग आणि झोपडपट्टी असा वाटलेला. पूर्व भागात प्रश्नावली तेलुगूत असावी. इथे या मुलीचं घरचं बोलणं पुण्याच्या कुठल्याही संशोधन संस्थेला पैसे देऊनही सहजी मिळत नाही अशी गोष्ट आहे. आधी १० घरांवर प्रश्नावली वापरून बघायची. ज्या प्रश्नावर तीन घरं अडखळली तो प्रश्न बदलायचा, लोकांना दोष द्यायचा नाही.

पुढची दारं आणि पदवीचं नाव

मुंबईत गोरेगावची रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्यात गोखले, दिल्लीत टेरी (ऊर्जा आणि संसाधनांवर काम करणारी संस्था), चेन्नईत मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स: या विषयाकडे जाणाऱ्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ही दारं ठोठवायची. पुण्याची संस्था बघायला ‘हुतात्मा’ एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं, वडिलांना बरोबर न्यावं, निम्मी समजूत तिथेच पटते.

पदवीच्या नावाबद्दल मात्र सावध. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला पदव्युत्तर पदवी लागते आणि जाहिरातीत विषयांची नावं मोजकी असतात: अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र, इकॉनोमेट्रिक्स. ‘पर्यावरण’ हा शब्द पुढे लागलेली पदवी त्या यादीत बसते की नाही, यावर ऐन अर्जाच्या वेळी वाद नको. एम.ए. अर्थशास्त्र आणि त्यात पर्यावरणाचे पेपर, हे सगळ्यात निर्धोक. प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात दहापैकी नववं युनिट पर्यावरण अर्थशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्राचं आहे, म्हणजे त्या बाजूनेही काही हरवत नाही.

खासगी क्षेत्रात दोन ठिकाणी मागणी दिसते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केलाय. तो तयार करणाऱ्या सल्लागार संस्थांना आकडे सांभाळणारी माणसं लागतात. दुसरं, प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणाम अहवालात सामाजिक-आर्थिक भागासाठी वेगळा तज्ज्ञ असतो. पगार सुरुवातीला इंजिनिअरपेक्षा कमी असतो. हे घरी आधीच सांगितलेलं बरं.

चौथं वर्ष सोलापुरातच करायचं का, हे सहाव्या सत्रात ठरवावं. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तेवढे असले तरी विभागात या विषयात मार्गदर्शन करणारं कोणी नसेल, तर वर्ष तिथे न घालवता दोन वर्षांच्या एम.ए.ची प्रवेश परीक्षा द्यावी.

कधी माघार घ्यायची

दुसऱ्या सत्राच्या शेवटी स्वतःची एक परीक्षा. आदल्या तीन वर्षांच्या कुठल्याही एम.ए. अर्थशास्त्र प्रवेश परीक्षेतले गणिताचे २० प्रश्न, घड्याळ लावून एक तास. आठच्या खाली आले तर उन्हाळी सुट्टी गणिताला द्यायची आणि सुट्टी संपता संपता पुन्हा बसायचं. तेव्हाही आठच्या खाली राहिले आणि बसायचाच कंटाळा आला, तर मेजर बदलायचा अर्ज तिसऱ्या सत्राच्या शुल्काची पावती फाडायच्या आधी द्यावा. नंतर बदल मिळाला तरी मागचे पेपर भरून काढण्यात एक सत्र जातं. आठच्या वर आले तर तेलुगू प्रश्नावलीचा पहिला कच्चा खर्डा करायला घ्यावा.